वजन वाढले, पण मासा सुदृढ झाला का?

आहारातील मेदाचा धडा शिकवताना आपण एक आकडा हमखास सांगतो : एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. आकडा बरोबर आहे. पण धडा तिथेच संपला, तर सगळी तेले सारखीच, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. हा समज किती अपुरा आहे, हे नॉर्वेतील सॅमन माशांच्या शेतीवरून चांगले कळते.

१९९० साली तेथील सॅमनच्या खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून येत असे. म्हणजे मुख्यतः छोट्या माशांची भुकटी आणि तेल. मासळीचे तेल मर्यादित आणि शेती मात्र वाढती. म्हणून मोहरीच्या कुळातील रेपसीडचे तेल आणि इतर वनस्पतिजन्य घटक खाद्यात आले. २०१३ पर्यंत समुद्री घटकांचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर उतरला. मासे चांगले वाढत होते, म्हणून हा बदल निर्धोक वाटला.

आमचा आक्षेप आहे तो या कसोटीवर. वजन हे मोजायला सोपे. पण मेदाचे काम केवळ वजन वाढवणे नव्हे. पेशीपटले मेदाम्लांची बनतात आणि थंड पाण्यात ती लवचीक राहावी लागतात. मासळीच्या तेलातील ईपीए व डीएचए या मेदाम्लांच्या रेणूत अनुक्रमे पाच व सहा द्विबंध असतात. पटलांची लवचिकता त्यांच्यामुळे टिकते. शरीरातील दाहाचे नियंत्रण करणारी द्रव्येही ईपीएसारख्या मेदाम्लांपासूनच तयार होतात. रेपसीडच्या तेलात ही दोन मेदाम्ले नसतात. त्यातील एका साध्या मेदाम्लापासून सॅमन ती काही प्रमाणात बनवू शकतो. पण गरजेपुरती बनतात का, हाच प्रश्न आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील प्रयोगांनी या प्रश्नावर प्रकाश टाकला. टाक्यांमध्ये, ही मेदाम्ले खाद्यातून पूर्ण वगळली तरी मासे मेले नाहीत. त्यांची वाढ थोडी मंदावली, एवढेच. हेच मासे समुद्रातील पिंजऱ्यांत सोडले. तिथे पाणी उबदार असताना अंगावरचे परजीवी, म्हणजे समुद्री उवा, काढण्याचे उपचार झाले, तेव्हा मात्र ही मेदाम्ले कमी मिळालेले मासे अधिक प्रमाणात दगावले. त्यांच्या आतड्यात आणि मणक्यांतही दोष आढळले. टाकीत पुरेसे वाटलेले प्रमाण समुद्रात अपुरे पडले.

सगळ्याच प्रयोगांत असा फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवे. आणि रेपसीडचे तेल हे काही विष नव्हे. मासळीच्या तेलाचा साठा समुद्रातूनच येतो, तेव्हा त्याला पर्याय शोधणे गरजेचेच होते. ईपीए व डीएचए मुळात सूक्ष्म शैवाल बनवतात. छोटे मासे ती अन्नसाखळीतून मिळवतात. त्यामुळे शैवालापासून थेट तेल काढून खाद्यात घालण्याचा मार्गही आता वापरात आला आहे.

खरा धडा प्रयोगाच्या रीतीचा आहे. 'फरक पडला नाही' असे वाक्य वाचले, की दोन प्रश्न विचारावेत : काय मोजले होते? आणि कोणत्या परिस्थितीत? निवांत टाकीत मिळालेले उत्तर खवळलेल्या समुद्राला लागू पडेलच असे नाही. वर्गातल्या कुंडीतील रोपांचा प्रयोग संपला, की फळ्यावर निष्कर्ष लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांना हेच दोन प्रश्न विचारून पाहावेत.