लांब तसबिरीतला चेहरा

जालना जिल्ह्यातले असई गाव इतिहासाच्या पुस्तकात वाचून पाहायला जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. केळना आणि जुई या दोन नद्या, त्यांच्या मधली काळी जमीन, बस्स. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच दुआबात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. कंपनीच्या बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ हा आकडा पुस्तकात नोंदलेला आहे. शिंद्यांच्या बाजूला मात्र केवळ अंदाज आहेत. आम्ही इतिहासकार नव्हे. पण मोजदादीतला हाच फरक चित्रांतही उतरला आहे, आणि म्हणून हा विषय आमचा होतो.

युद्धाची रुंद चित्रे रंगवण्याची हौस त्या काळी इंग्लंडात जोरात होती. रॉबर्ट बार्कर याने १७८७ साली गोलाकार चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास इमारत उभी केली. प्रेक्षकाने मध्ये उभे राहायचे आणि चित्राने त्याला चहूबाजूंनी घेरायचे. ‘पॅनोरामा’ हा शब्द याच खेळासाठी घडवला गेला. १८०० साली रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने लंडनमध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र मांडले. त्याने तोवर हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. टिपू सुलतानाला जाऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि लोक पैसे देऊन ते पाहायला लोटत होते. त्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे चेहरे ओळखू यावेत अशी खटपट चित्रकाराने केली होती. अशा चित्रांबरोबर आकडे घातलेला रेखानकाशा मिळे. आकडा पाहायचा आणि नाव वाचायचे. किल्ल्याच्या भिंतीवर लढणाऱ्या म्हैसूरच्या शिपायाला मात्र आकडा नाही. तो नुसता गर्दी आहे.

इथपर्यंतची तक्रार सोपी आहे आणि आमच्या लेखकांना ती करायला आवडते. पण श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत दुसरे एक लांब चित्र आहे, तेही पाहिले पाहिजे. तिथल्या भिंतीवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईचा देखावा आहे. हैदर आणि टिपू हत्ती-घोड्यांच्या लवाजम्यासह चालून येतात. पलीकडे इंग्रजांचा चौकोन मोडतो आहे, दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट होतो आहे आणि कर्नल बेली पालखीत बसला आहे. हा आपल्या बाजूचा पॅनोरामा, असे म्हणून छाती फुगवायला हरकत नाही. अडचण एवढीच की सुलतानाच्या चित्रकारांनीही चेहरा दिला तो सुलतानाला आणि सरदारांना. पायदळ एकाच साच्यातले : त्याच मिशा, तीच पगडी, तीच पावले, ओळीवर ओळ. शिपायाच्या नशिबी दोन्ही भिंतींवर तेच आले. (या चित्रातली निजामाची फौज उशिरा पोहोचलेली आहे असे सांगतात. जालना, औरंगाबाद, परभणीकडच्या आम्हा लोकांना हा टोमणा जरा लागतो!)

श्रीरंगपट्टण पडल्यावर वेलस्ली याच दर्या दौलतमध्ये राहिला आणि आपल्याच लोकांच्या पराभवाचे ते चित्र त्याने दुरुस्त करवून घेतले. मग चार वर्षांनी तो असईला आला. त्या भिंतीकडे रोज पाहताना त्याच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करण्याचा मोह आम्ही आवरतो.

असईवरही चित्रे निघाली. विल्यम हीथच्या चित्रावरून छापलेली प्रत पुष्कळांनी पाहिली असेल. या जातीच्या चित्रांत सेनापती घोड्यावर आणि बाकी सारा धूर असा मामला असतो. पण त्या दिवशीची खरी चित्रमय गोष्ट धुरातच घडली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर उठले आणि पाठीमागून त्यांच्यावर तोफा डागू लागले. शिंद्यांच्या कवायती फौजेत हिंदू होते, मुसलमान होते. त्या उठलेल्या माणसांत कोण कोण होते हे सांगणारा आकड्यांचा नकाशा कोणी काढला नाही.

कॅमेऱ्याने हा हिशेब थोडा बदलला. विसाव्या शतकाच्या आरंभी फिरत्या कॅमेऱ्याची पद्धत आली. यंत्र तिपाईवर गोल फिरते, आत फिल्मही सरकते आणि शेकडो माणसे एका लांब पट्टीवर उमटतात. माणसांना कमानीत उभे करावे लागते, तेव्हा छायाचित्रात ओळ सरळ दिसते. एखादा खोडकर पोरगा एका टोकाला उभा राहून मागून धावत दुसऱ्या टोकाला गेला, तर दोनदा उमटतो. पलटणी, शाळा, कॉलेजे यांची अशी छायाचित्रे निघाली. कलाकृती म्हणून ती रटाळच. सारे समोर पाहतात, कोणी हसत नाही. पण मागच्या ओळीतल्या चपराशालाही पुढच्या खुर्चीतल्या साहेबाइतकाच स्वच्छ चेहरा मिळतो. भिंगाला हुद्दा कळत नाही. हुद्दा कळतो तो चौकटीखाली नावे लिहिणाऱ्याला.

१९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानातले शिक्षण प्रामुख्याने उर्दूत. त्यामुळे आमच्या जुन्या घरांतल्या समूहचित्रांखाली नावे असतात ती उर्दूत. तसबीर भिंतीवर लावावी की नाही हा वाद घरोघरी झाला. पुष्कळ घरांनी ती पेटीत ठेवून तो मिटवला. आता नातवंडांना चेहरे दिसतात पण नावे वाचता येत नाहीत, कारण ती मराठी शाळेत शिकलेली आहेत, आमच्यासारखीच. आमच्या घरातल्या अशा एका छायाचित्रात तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचवा माणूस आमचा आजा आहे असे वडील सांगत. वडील गेल्यावर नावे वाचून घेतली, तेव्हा पाचव्या जागी दुसरेच नाव निघाले. आजाचे नाव सातव्या जागी आहे. वडिलांनी जन्मभर ज्याच्याकडे बोट दाखवले, त्या माणसाच्या घरचे लोक कुठे आहेत याची आम्ही चौकशी करतो आहोत.