पांग न मागणारी माया
(कॅथरिन पॅटरसन यांच्या ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ या कादंबरीचा परामर्श)

मूल वाढविण्याशी निगडित अशा शब्दांची आपल्या मराठीत वाण नाही. पोटचे मूल, दत्तक मूल, मानलेले मूल, पोरके मूल हे सारे शब्द आपल्या तोंडी आहेत. परंतु जे मूल काही काळापुरते आपल्या घरी येते, ज्याच्यावर आपला हक्क नसतो आणि उद्या परत जाणार हे ठाऊक असूनही ज्याला आज आपलेसे करावयाचे असते, अशा मुलासाठी नित्याच्या बोलण्यात रुळलेला शब्द सापडत नाही. त्याला सांभाळणाऱ्यांना शासकीय मराठीत ‘प्रतिपालक’ म्हणतात. शब्द समर्पक आहे, पण तो अजून कचेरीतून घरात आलेला नाही.

ख्रिस्तसभेला मात्र ही भूमिका नवी नाही. संत योसेफाला आपण येशूचा पालकपिता म्हणून आळवितो. हा पुत्र आपला नव्हे, हे त्याला प्रारंभापासून ठाऊक होते. तरीही त्याने त्याला नाव दिले, हेरोदाच्या तलवारीपासून वाचविले, मंदिरात हरवला तेव्हा व्याकूळ होऊन शोधले आणि त्यानंतर तो शुभवर्तमानातून निमूटपणे दिसेनासा झाला. त्याच्या तोंडचा एकही शब्द पवित्र शास्त्रात नाही. योसेफाच्या जागी आजची एखादी साधीसुधी बाई उभी केली, तर तिची श्रद्धा तिला नेमकी कशी उपयोगी पडेल? या प्रश्नाला भिडणारी एक अमेरिकन बालकादंबरी आहे. तिचा परिचय आपल्या वाचकांना व्हावा, विशेषतः ज्यांच्या घरी दुसऱ्याचे लेकरू वाढत आहे त्यांना व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखिका कॅथरिन पॅटरसन यांचा जन्म १९३२ साली चीनमध्ये मिशनरी कुटुंबात झाला. त्यांनी ईशज्ञानाचे रीतसर शिक्षण घेतले, चार वर्षे जपानमध्ये सेवाकार्य केले आणि पुढे एका प्रेस्बिटेरियन पाळकाशी विवाह केला. त्यांच्या चार मुलांपैकी दोन मुली दत्तक आहेत. ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’ १९७८ साली प्रसिद्ध झाली. १९७९ साली तिला अमेरिकेतील ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाले, तर १९९८ साली लेखिकेला बालसाहित्यातील हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराने गौरविण्यात आले. या कादंबरीचे बीज त्यांच्या स्वतःच्या घरात पडले. दोन मुलगे त्यांच्याकडे तात्पुरते राहावयास आले होते. काही अडचण उद्भवली की ‘थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे’ असे आपले मन म्हणते, हे त्यांच्या ध्यानात आले. हे तर माणसाला वापरून फेकून देण्याच्या वस्तूसारखे वागविणे झाले, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. प्रतिपालक म्हणून आपण उणे पडलो हे जाणणाऱ्या लेखणीतून ही कथा उतरली, म्हणूनच तिच्यात उपदेशकाचा सूर लागलेला नाही.

कथा मेरीलँड राज्यात घडते. अकरा वर्षांची गिली अनेक घरे बदलून आता मेमी ट्रॉटर या विधवा बाईंच्या घरी आली आहे. एका कुटुंबाने तिला जीव लावला आणि दुसऱ्या राज्यात जाताना मागे ठेवले. तेव्हापासून कोणाला जीव लावायचा नाही आणि कोणाला लावू द्यायचा नाही, हा तिचा बाणा. ती हुशार आहे, उद्धट आहे, खोटे बोलते, चोरी करते. तिच्या मनात गोऱ्या कातडीचा अहंकारही आहे. ट्रॉटरबाई अगडबंब, जेमतेम शिकलेल्या, घर धुळीने भरलेले. त्यांच्याकडे विल्यम अर्नेस्ट हा सात वर्षांचा भेदरट मुलगा आधीपासून आहे. शेजारचे रँडॉल्फ हे अंध, कृष्णवर्णीय वृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळी जेवावयास येतात. या मंडळींविषयी गिलीला किळस वाटते. जिने तिला लहानपणीच सोडले, त्या कोर्टनी नावाच्या आईचे छायाचित्र ती जपते आणि एक दिवस आई येऊन आपल्याला नेईल, या आशेवर जगते.

त्या आशेपोटी ती आईला एक पत्र लिहिते. त्यात ट्रॉटरबाईंवर ती जे आरोप करते, त्यांतला पहिला म्हणजे बाई धर्मवेडी आहे. लेखिकेने हा आरोप मुद्दाम योजला असावा, कारण वाचक नकळत पडताळा पाहू लागतो की या बाईंचा धर्म दिसतो तरी कोठे? जेवणापूर्वीची प्रार्थना आहे, रविवारची उपासना आहे. पण त्या गिलीला कधी प्रवचन देत नाहीत, नरकाचे भय दाखवीत नाहीत, ‘आम्ही तुझ्यावर किती उपकार केले’ याचा पाढा वाचीत नाहीत. त्यांचा धर्म दिसतो तो स्वयंपाकघरात, विल्यमच्या अंगावरून फिरणाऱ्या हातात आणि अंध शेजाऱ्याला रोज मानाने दिलेल्या पानात. गिली जेवढी घरापासून फटकून वागते, तेवढे घर तिच्यासाठी दार उघडे ठेवते.

या मायेची कसोटी लवकरच लागते. गिली रँडॉल्फ यांच्या पुस्तकांमागे ठेवलेले पैसे चोरते, मग ट्रॉटरबाईंच्या पाकिटातले चोरते आणि कॅलिफोर्नियाला आईकडे पळून जाण्यासाठी बसच्या स्थानकावर पोहोचते. तिकीट देणाऱ्याला संशय येतो व पोलीस तिला ताब्यात घेतात. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा बाप दुरून वाट पाहतो आणि हरवलेल्या मेंढराचा धनी शोधावयास निघतो. ट्रॉटरबाई निघणाऱ्यांपैकी आहेत. भेदरट विल्यमला सोबत घेऊन त्या चौकीत येतात. पुढे समाजकल्याण खात्याच्या मिस एलिस मुलीला दुसरीकडे हलविण्याविषयी बोलतात, तेव्हा त्या ठाम नकार देतात. तो नकार गिली आडून ऐकते. आपल्याला कोणीतरी ठेवून घेण्यासाठी भांडले, हा तिच्या आयुष्यातला पहिला अनुभव आहे.

येथे लेखिकेची ख्रिस्ती दृष्टी अधिक खोल जाते. क्षमा मिळाली तरी चोरलेले पैसे फिटेपर्यंत गिलीला घरात कामे करावी लागतात. क्षमा आणि भरपाई यांचे हे नाते प्रायश्चित्त संस्कार घेणाऱ्या आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. परंतु एक गोष्ट भरून निघत नाही, ती म्हणजे ते पत्र. पत्रामुळे कोर्टनी स्वतः येत नाही, मात्र गिलीच्या आजीला नातीचा प्रथमच पत्ता लागतो. थँक्सगिव्हिंगच्या सणात अख्खे घर तापाने फणफणले असता आणि गिली साऱ्यांची शुश्रूषा करीत असता आजी दारात उभी राहते. ज्या घरातून सुटण्यासाठी खोटे लिहिले, ते घर आता तिचे झाले आहे, आणि नेमके आत्ताच तिला तेथून व्हर्जिनियास जावे लागते. पापाची क्षमा होते, पण त्याने जगात सोडलेला परिणाम आपल्या वाटेने चालत राहतो. हे कठीण सत्य मुलांच्या पुस्तकात इतक्या सरळपणे मांडलेले क्वचितच आढळते.

शेवट तर अधिकच कठोर आहे. नाताळात कोर्टनी विमानतळावर उतरते, तीही आजीने तिकिटाचे पैसे पाठविले म्हणून, आणि दोन दिवसांकरिता. स्वप्नातली आई तेथेच विरून जाते. गिली धावत जाऊन ट्रॉटरबाईंना फोन करते आणि घरी येते म्हणून विनविते. वाचकालाही वाटते की बाईंनी ‘ये’ म्हणावे. बाई तसे म्हणत नाहीत. आयुष्य अवघड आहे, सुखान्त कथा खोट्या असतात, आपल्या वाट्याचे कठीण काम नीट करण्यातच खरे समाधान आहे, अशा आशयाचे बोलून त्या तिला आजीकडे परत पाठवितात. ज्या बाईने मुलीला ठेवून घेण्यासाठी खात्याशी भांडण केले, तीच बाई आता मुलीला सोडून देते. एकटी पडलेली आजीही कोणाची तरी आई आहे, हे त्या विसरत नाहीत. गिली त्यांना सोडून जाते, पण आता ती प्रेम करू शकते. ट्रॉटरबाईंच्या कष्टाचे फळ दुसऱ्याच्या घरी पिकते.

माझ्या मते या कादंबरीचे मर्म येथे आहे. दुसऱ्याचे मूल सांभाळताना श्रद्धा आपल्याला यशाची हमी देत नाही. मूल सुधारेल, कृतज्ञ राहील, म्हातारपणी पांग फेडील, असे कोणतेही वचन शुभवर्तमानात नाही. श्रद्धा देते ती एवढीच शक्ती, की फळ हाती लागणार नाही हे ठाऊक असूनही आजचे पान वाढावे. योसेफाच्या मौनाचा अर्थ यापेक्षा वेगळा नसावा. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफाच्या वर्षानिमित्त लिहिलेल्या पत्रात, लेकराला मुठीत न धरणारे प्रेम हेच शुद्ध प्रेम, असा विचार मांडला आहे. पॅटरसन यांनी त्याआधी बेचाळीस वर्षे हा विचार एका धुळकट घरात नांदविला.

काही उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. सारी कथा गिलीच्या नजरेतून दिसते. त्यामुळे ट्रॉटरबाईंच्या रात्री आपल्याला दिसत नाहीत. त्यांना कधी परमेश्वराचा राग आला का, हे मूल आपल्याच्याने होणार नाही असे वाटले का, हे कळत नाही. प्रत्यक्ष प्रतिपालकाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत अवघड असतो. अधूनमधून बाई इतक्या अढळ वाटतात, की थकलेल्या वाचक-मातेला त्यांच्याशेजारी स्वतःची लाज वाटावी. दुसरे असे, की कोर्टनीचे चित्र एकरंगी उतरले आहे. जन्मदात्रीची बाजू समजून घेणे हा प्रतिपालकत्वातला मोठा संघर्ष आहे, आणि लेखिकेने तो बगल देऊन टाळला आहे.

गिलीच्या शिवराळ भाषेवर मात्र मी बोट ठेवणार नाही. अमेरिकेत या भाषेमुळे पुस्तकावर वारंवार आक्षेप घेण्यात आले. तेथील ग्रंथालय संघाने १९९० ते १९९९ या दशकातील सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांची जी यादी केली, तीत हे पुस्तक आहे. परंतु जखमी मूल गोड बोलत नसते. ज्यांना असे मूल स्वीकारावयाचे आहे, त्यांना त्याची जीभही काही काळ स्वीकारावी लागते. मुलांच्या हाती देण्यापूर्वी आईवडिलांनी पुस्तक आधी वाचावे, एवढे सुचवितो.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची स्वतंत्र तरतूद आहे. कायद्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावांत मावश्यांनी, काकांनी, शेजाऱ्यांनी पोरकी मुले वाढविली आहेत. त्या घरांतून ऐकू येणारी व्यथा बहुधा एकच असते: ‘इतके केले, पण त्याला त्याचे काही नाही.’ ही व्यथा खोटी नव्हे, आणि अशा माउलीला ‘अपेक्षा ठेवू नका’ एवढे कोरडे सांगून धर्मगुरूंनी मोकळे होऊ नये. तिच्या शेजारी बसावे, तिच्या थकव्याला धर्मग्रामाने हातभार लावावा, आठवड्यातून एक दिवस तरी त्या मुलाला दुसऱ्या कोणाच्या घरी पान वाढले जावे. ट्रॉटरबाईंना रँडॉल्फ होते, विल्यम होता, म्हणून त्या उभ्या राहू शकल्या. ‘जो कोणी माझ्या नावाने अशा एका बालकाला स्वीकारतो, तो मला स्वीकारतो’ असे प्रभू म्हणाला, तेव्हा ते बालक गुणी असेल अशी अट त्याने घातली नव्हती, आणि त्याला एकट्यानेच स्वीकारावे, असेही तो म्हणाला नव्हता.