मधल्या पायरीवरचा मुक्काम

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या कुपीत पाण्यासारखं नितळ द्रावण होतं. संशोधक मुलीने बाजूने ९८० नॅनोमीटरचा लेझर सोडला. तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच डोळ्यांना जास्त धोक्याचा, चष्मा सक्तीचा. कुपीबाहेर काळोख, आत मात्र या काचेपासून त्या काचेपर्यंत पोपटी रेघ, ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी.

हे उफराटं आहे. स्टोक्सने १८५२ साली नियम सांगितला, की पदार्थ जो प्रकाश पितो त्याहून कमी ऊर्जेचा परत देतो. ट्यूबलाइट तेच करते. इथे उलट, पण फुकट काही नाही. दोन अवरक्त फोटॉन प्रत्येकी सुमारे १.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन येतात, हिरवा एक २.३ घेऊन जातो. उरलेली चिल्लर उष्णतेत.

हिशेब सरळ. रस आहे तो त्या दोन अवरक्त फोटॉनांच्या भेटीत, कारण ते एकत्र येत नाहीत, एकामागून एक येतात. आमच्या गावच्या, खांडबाऱ्याच्या, स्टेशनवर सुरतेकडे बांधकामावर निघालेली आमची माणसं दिसतात. स्लॅब टाकताना त्यांची घमेली खालून वर हातोहात जातात. कुपीतल्या द्रावणात बारीक कण आहेत, आणि त्यांतला यिटर्बियमचा आयन हा तसाच खालचा गडी. त्याला चढायला एकच पायरी, म्हणून उचललेलं घमेलं तो शेजारच्या अर्बियमच्या हाती देतो. अर्बियमकडे पायऱ्याच पायऱ्या. पहिलं घमेलं घेऊन तो मध्येच थांबतो, दुसरं आलं की वर चढतो, जरा घसरतो आणि हिरवा उजेड टाकत खाली येतो.

हे थांबणं मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंतचं. चमकणाऱ्या रंगद्रव्यांचे रेणू काही नॅनोसेकंदांत मोकळे होतात. त्या मानाने हा मुक्कामच! तो जमतो, कारण अर्बियमचे चौथ्या कक्षेतले एफ इलेक्ट्रॉन माजघरात राहतात. ओसरीवर पाचव्या कक्षेतले बसलेले असतात, बाहेरचा गोंगाट ते आत फारसा जाऊ देत नाहीत. ही देवाणघेवाण १९६६ साली फ्रान्समध्ये ओझेलने आणि सोव्हिएत संघात ओव्स्यान्किन व फिओफिलॉव्ह यांनी ओळखली.

या आयनांचं घर, म्हणजे तो कण, सोडियम यिट्रियम फ्लोराइडचा. त्यात दर शंभर यिट्रियमच्या जागांपैकी अठरा-वीस यिटर्बियमला, अर्बियमला फक्त दोनेक. फोडणीतल्या हिंगासारखंच हे: अर्बियम वाढवला, तर शेजारी आलेले आयन ऊर्जा आपसातच वाटून घेतात आणि उजेड मंदावतो. यिट्रियम, यिटर्बियम, अर्बियम, तिघांची नावं स्वीडनमधल्या इटर्बी या एकाच गावावरून. (आमच्या गावाचं नाव रेल्वेच्या पाटीपलीकडे फारसं गेलेलं नाही.)

खोटही सांगायला हवी. वीस-तीस नॅनोमीटरच्या कणात बरेच आयन पृष्ठभागालगत येतात, आणि तिथे चिकटलेलं पाणी मधल्या पायरीवरच्याला खाली ढकलतं. त्यासाठी कणावर त्याच फ्लोराइडचं कोरं कवच चढवतात. तरी मिळकत तुटपुंजीच. जैव ऊतींत मात्र एवढीही पुरते, कारण अवरक्त किरण तिथे खोलवर शिरतात आणि ऊती स्वतः चमकून घोटाळा करत नाहीत.

निघताना त्या मुलीने लेझरची शक्ती निम्म्यावर आणली. रेघ निम्मी नाही, जवळजवळ चौथाईवर आली. मधल्या पायरीवर पोचलेलेच कमी, आणि जे पोचले त्यांच्यातल्याही अनेकांचा जोडीदार वेळेत आला नाही.