उडणारी बाई आणि बांधलेली बाई



मी गडचांदूरला सिमेंटच्या मिलमध्ये कामाला. पाळी सुटली की नाकातोंडातली भुकटी धुतो न पुस्तक धरतो. जे शिकलो ते असंच. समीक्षकाची भाषा माझ्याजवळ नाही, हे आधीच सांगतो.

मी एक कविता लिहिली होती, वणी खुर्दवर. आपल्या इथून घाट चढून गेलं की जिवती तालुका. तिथल्या या गावात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भरचौकात बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. जादूटोणाविरोधी कायदा होऊन आठ वर्षं झाली होती. माझ्या कवितेतली म्हातारी दोर जाळते न माणिकगडाच्या डोंगरावरून उडत जाते. दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. घरी आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जादू करते म्हणूनच त मारलं ना बाप्पा तिले? मंग तू काय येगळं लिहिलं?"

तेव्हापासून जादूई वास्तववाद म्हणतात त्या लिखाणाकडे मी आईच्या प्रश्नातून पाहतो. जादू कोणाच्या हातात आहे? न मार कोण खाते?

टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेची 'बिलव्हेड' (१९८७) डिक्शनरी उशाला ठेवून वाचली. मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई १८५६ साली पळाली, पकडायला आले तेव्हा तिनं स्वतःच्या लेकीचा जीव घेतला, पण परत गुलामीत जाऊ दिली नाही. कादंबरीची मुळी तिथं आहे. सेथच्या घरात मारलेल्या लेकीचं भूत आहे. पॉल डी नावाचा पुरुष येतो, आरडाओरडा करून भूत हाकलतो. त्याला वाटतं, झालं काम. तेच भूत तरुण पोरगी होऊन दारात येऊन बसतं. शेवटी वस्तीतल्या बाया एकत्र येतात तेव्हा ते जातं. आपले काही साथी विचारतात, देवधर्म सोडलेल्या माणसांनी भुताच्या गोष्टी काहून वाचाव्या? अरे, हे भूत म्हणजे गुलामीचा हिशेब आहे. तो बाकी आहे तोवर घर सोडत नाही. बाईवर चेटकिणीचा आळ इथं कोणी घेत नाही. जादूचं बोट मालकाकडं आहे.

आपल्याकडं बाबूराव बागूलांनी 'सूड' (१९७०) लिहिली. जानकीला बाईपणच नको आहे, पुरुष व्हायचं आहे. ही ओढ वास्तवाच्या मापात मावत नाही, म्हणून लेखक ते माप मोडतो. धाडस मोठं आहे. पण एक गोष्ट खटकते. सुटकेसाठी बाईनं पुरुषाचंच अंग काहून मागावं? बागूलांना आपण एवढं मानतो, म्हणूनच हा प्रश्न त्यांना विचारायचा.

बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे. आषाढात बायांच्या अंगात यायचं, ते त्यांनी लिहिलं आहे. एरवी जिला कोणी विचारत नाही, तिच्या पाया पडतात. मला त्यात असं दिसलं की माणूस म्हणून बोलता येत नव्हतं, तेव्हा बाईला देवी होऊन बोलावं लागलं. बेबीताई त्या अंगात येण्याला जयजयकार करत नाहीत, अज्ञान म्हणतात. पण त्या बाईला हसत नाहीत. मी नेमका इथं चुकलो होतो. मी जयजयकार केला.

जादू लिहू नका, असं मी म्हणत नाही. पण ती बाईच्या अंगावर टाकण्याआधी पाहा, गावानं तीच तिच्या अंगावर टाकली नाही ना. म्हातारीला मी डोंगरावरून खाली उतरवलं. आता कवितेत दोर बोलतो, गाठ कोणी मारली ते सांगतो. न चौकात उभं राहून पाहणारे किती होते, तेही मोजतो.

आणि एक. आपल्या अंकांत लिहिणाऱ्या बाया किती, तेही मोजा. तांदूळ निवडता निवडता जी माझ्या कवितेची चूक सांगते, तिनं स्वतः लिहिलं तर काय होईल, याचा विचार करा.