पक्के कोणाला म्हणायचे?
किल्लारीचे माळवद आणि आजचे घरकूल

दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीच्या आवारात नमुना घरकूल पाहिले. ‘डेमो हाऊस’ हाच शब्द आता गावोगावी रूढ आहे. विटांच्या भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबच्या पुढच्या कडेला हातभर उतार काढून त्यावर बसवलेली लाल कौले आणि दर्शनी भिंतीवर पांढऱ्या रंगातला वारली तारपा नाच. शेजारी फलक : पारंपरिक शैलीचे घर. वारली चित्रे पालघर-डहाणूकडची, कौले कोकणातली आणि मावळातली. हे घर जिथे उभे होते तिथल्या जुन्या गावठाणात ना कौल दिसते ना वारली. तिथले घर माळवदाचे. सपाट, जाड, मातीचे छप्पर, ज्यावर उन्हाळ्यात अख्खे घर झोपायला जाते.

परंपरा या शब्दाची अशी थट्टा पाहून राग यावा हे साहजिक आहे, आणि मलाही तो आला. पण हा लेख त्या रागावर थांबवला तर तो अपुरा राहील. कारण त्या आवारापासून काही तासांच्या अंतरावर किल्लारी आहे, आणि किल्लारीला माळवदाच्या घरांनी माणसे मारली आहेत. ग्रामीण भागासाठी स्वस्त आणि पारंपरिक घर कसे असावे, याची चर्चा महाराष्ट्रात करायची तर आधी या गोष्टीला सामोरे जावे लागते. ते न करता मातीच्या भिंतींचे गोडवे गाणारे लेखन मी बरेच वाचले आहे. एकेकाळी थोडेफार लिहिलेही आहे.

मी वास्तुविशारद नाही. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली, मोजण्याची सवय तिथे लागली आणि मोजपट्टी घेऊन जुनी घरे पाहण्याचा नाद पुढे लागला. राहतो पुनावळ्यात. १९९७ साली हे गाव महापालिकेत आले. आता गावठाणातून मान वर केली की टोलेजंग इमारती दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. त्या खोल्यांत लातूर, धाराशिव, नांदेडची बोली रोज ऐकू येते. म्हणजे मराठवाड्यातल्या घराचा प्रश्न पुनावळ्यापासून दूर नाही. तो आमच्या कोपऱ्यावर पत्र्याखाली राहतो.

माळवद म्हणजे काय

आधी घर समजून घेऊ. माळवदाचे घर खणावर मोजतात. खांबांच्या दोन रांगांमधले अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर फूट-दीड फूट जाडीचा मातीचा थर. ही माती शेतातली काळी नव्हे, गावठाणातली पांढरी. काळी भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरी घट्ट बसते आणि पाणी निथळू देते. गावाला ‘पांढरी’ आणि शिवाराला ‘काळी’ म्हणण्यामागे मातीची ही पारख आहे. भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड-मातीच्या. एप्रिलमध्ये बेचाळीस अंशांची दुपार या भिंतीतून आणि छतातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तेव्हा माणसे माळवदावर गेलेली असतात. पाऊस बेताचा, म्हणून सपाट छप्पर चालते.

अस्सल माळवदात छताचा भार लाकडाच्या सांगाड्यावर असतो. भिंत आडोसा देते, ऊन अडवते, पण छप्पर तोलत नाही. हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या मानाने हा मध्यम भूकंप. मृत्यू मात्र सुमारे आठ हजार. हा भाग तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ च्या नकाशात ते क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

इतकी माणसे का गेली? अभियंत्यांनी नंतर जे नोंदवले त्याचा सारांश असा. भिंत दिसायला एक, पण असते दोन. बाहेरच्या अंगाला दगडाचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. या दोन अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड, म्हणजे जोडदगड, बहुतेक भिंतींत नव्हता. हादरा बसताच दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटली, पोट फुगून फुटली. आणि दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवा मातीचा थर टाकण्याची चाल असल्याने डोक्यावरचे ओझे वर्षागणिक वाढत गेले होते. जिथे लाकडी सांगाडा शाबूत होता, तिथे भिंती कोसळूनही खांब आणि तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणे आहेत. लाकूड परवडेना म्हणून जिथे छप्पर थेट दगड-मातीच्या भिंतीवर टेकवले होते, तिथे काही उरले नाही.

१९६७ च्या कोयना भूकंपातही दगड-मातीच्या भिंती अशाच पडल्या होत्या. म्हणजे इशारा जुना होता. आणखी एक योगायोग बोचतो. मातीची घरे आणि कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या भिंती भूकंपात कशा टिकवाव्यात, याची दोन भारतीय मानके, १३८२७ आणि १३८२८ क्रमांकांची, त्याच १९९३ साली निघाली. त्यांत जोडदगड किती अंतरावर घालावा, भिंतीला आडवा पट्टा कुठे द्यावा, हे सारे आहे. मातीची आणि दगडाची घरे बांधू नका, असे ती मानके म्हणत नाहीत. नीट बांधा, म्हणतात.

दोन चुकीचे निष्कर्ष

किल्लारीवरून दोन निष्कर्ष निघाले आणि दोन्ही अपुरे आहेत.

पहिला सरकारी आणि लोकमान्यही : दगड-माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीवदान. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली त्यांनी दगडाला घाबरू नये, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? ती भीती खरी आहे. पण भीती हा घराचा आराखडा होऊ शकत नाही. जुनी भिंत पडली ती दगडाची होती म्हणून पडली नाही. बांधणारा जोडदगड विसरला होता, लाकूड संपले होते आणि छपरावरचा भार कोणी उतरवला नव्हता.

दुसरा निष्कर्ष आमच्यासारख्या परंपराप्रेमींचा : अस्सल कारागिरी टिकली असती तर काही झाले नसते. हे अर्धसत्य आहे. अस्सल कारागिरीला सागवान लागते, आणि सागवानाची तुळई गावात पाटलाच्या घरी होती, शेतमजुराच्या घरी नव्हती. ज्या परंपरेची आपण छायाचित्रे काढतो ती बहुधा ऐपतदाराची असते. गरिबाच्या वाट्याला तिची उसनी, सांगाडा वगळलेली नक्कल आली, आणि ती नक्कलच त्याच्या अंगावर पडली. परंपरा स्वस्त होती, हे म्हणण्याआधी कोणाला स्वस्त होती, हे विचारले पाहिजे.

पुनर्वसनाने काय दिले

जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांची मापे जमीनधारणेवर ठरली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्यांना ४००, त्याहून मोठ्या खातेदारांना ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. आराखड्याने त्यांना पुन्हा सातबाऱ्याप्रमाणे रांगेत उभे केले, आणि तेही सिमेंटमध्ये, म्हणजे कायमचे.

रस्ते सरळ आणि रुंद, प्लॉट चौकोनी. जुन्या गावातली भावकीची बोळे, कोपऱ्यावरचा पार, दोन घरांच्या मध्ये बसायची सावली या गोष्टींना नकाशात रकाना नव्हता. गुबाळसारख्या गावात तर घुमटाकार घरे आली. घुमट भूकंपाला उत्तम, यात शंका नाही. पण गोल भिंतीला कपाट टेकवायचे कुठे, आणि उन्हाळ्यात वर झोपायचे कसे? इजिप्तमध्ये हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना गाव मातीच्या घुमटांनी उभारले. जगभर त्याचे कौतुक झाले. ज्यांच्यासाठी ते गाव होते त्यांतले बहुतेक लोक तिथे राहायला गेले नाहीत. घर चांगले असणे आणि घर आपले वाटणे यांत अंतर असते.

या कार्यक्रमाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र सर्वांत कमी बोलला जातो. कमी हानी झालेल्या हजारो गावांत घरे न पाडता मजबूत करायची होती. भिंतीत भोके पाडून सळईसह काँक्रीटचे जोडदगड ओतायचे, खिडक्या-दारांवरून जाळीचा पट्टा फिरवायचा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा टेकू द्यायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या आणि त्यांनी हे तंत्र घरोघरी समजावले. जुन्या घराची चूक दुरुस्त करून ते घर राखण्याचा हा शहाणपणाचा मार्ग होता. पण हानीच्या प्रमाणात १७,००० किंवा ३४,००० रुपये हाती आल्यावर अनेकांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक खोली उभी केली. त्यांना दोष देता येत नाही. दुरुस्त केलेले माळवद ‘पक्के’ म्हणून कोणी लेखणार नव्हते. खोली लेखली जाणार होती.

‘पक्के’ शब्दाचे राजकारण

२०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असते. मैदानी भागात मदत १ लाख २० हजार रुपये. भागून पाहिले तर चौरस फुटाला ४४६ रुपये पडतात. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० धरले तरी २०२५ पूर्वी हिशेब दीड लाखाच्या आसपास थांबत होता. ज्याने अलीकडे नुसते न्हाणीघर बांधून घेतले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

गंमत अशी की योजनेचा कागद उदार आहे. पक्के घर म्हणजे योग्य देखभाल केल्यास किमान तीस वर्षे टिकणारे घर, अशी तिची व्याख्या आहे. स्थानिक साहित्य वापरा, आपत्तीत टिकेल असे बांधा, लाभार्थ्याने स्वतः बांधावे, कंत्राटदार नको, हे सारे तिच्यात आहे. जोडदगडाची, सिमेंटच्या पट्ट्याची दगडी भिंत या व्याख्येत सहज बसते. पण कागद आणि हप्ता यांच्यामध्ये एक छायाचित्र असते. पाया, जोते, लिंटेल, छत अशा टप्प्यांची छायाचित्रे काढून चढवली की पैसे येतात. छायाचित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घराचे एकच चित्र पक्के बसले आहे. माझ्या पाहण्यातल्या एका कुटुंबाने स्वतःच्या शेतातला दगड वापरायचे ठरवले, तेव्हा हप्ता अडकेल या धास्तीने गवंड्यानेच त्यांना परावृत्त केले. बंदी कोणी घातली नव्हती. ती घालायची गरजच पडली नाही.

आणि २६९ फुटांत काय राहून जाते? ओसरी, जिथे म्हातारा दिवसभर बसतो आणि पाहुण्याला पाणी मिळते. गोठा. धान्याची कणगी. चुलीचा धूर जायला वाट. घरकूल मिळालेल्या घरापुढे वर्षभरात पत्र्याचे शेड उभे राहते, चूल आणि शेळ्या तिकडे जातात आणि स्लॅबखाली पेटी, कूलर आणि पोरांची दप्तरे राहतात. कुटुंब दुपारी शेडमध्ये असते. आपल्या आराखड्यावरची ही सर्वांत परखड टीका आहे, आणि ती लिहिणाऱ्यांनी एक अक्षरही लिहिलेले नाही.

बेकरांकडून काय घ्यायचे

स्वस्त घराचा विषय निघाला की लॉरी बेकर यांचे नाव येतेच, आणि यावेच. पण त्यांची पोकळ्या ठेवून रचलेली विटांची भिंत, जिच्यात सुमारे पाव विटा वाचतात, ती जशीच्या तशी मराठवाड्यात आणणे म्हणजे पुन्हा वारली चित्र चिकटवणेच होय. इथे पायाखाली काळा पाषाण आहे आणि चांगली वीट लांबून येते. बेकरांकडून घ्यायची ती भिंत नव्हे, सवय : आधी आसपास काय मिळते, इथला गवंडी काय जाणतो आणि घरातली बाई दिवस कुठे काढते, ते पाहायचे. मग रेघ मारायची.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे. घराला पक्के म्हणण्याआधी विचारावे : याची पहिली दुरुस्ती कोण करणार? माळवदाची दुरुस्ती घरचा माणूस पांढऱ्या मातीच्या पाट्या टाकून करीत होता, पण त्या दुरुस्तीनेच भार वाढत होता आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. स्लॅब गळू लागला, आतली सळई गंजली, तर गावात ते दुरुस्त करणारा कोणी नाही. एका घराची दुरुस्ती घातक, दुसऱ्याची अशक्य. दोन्ही कच्चीच.

मग करायचे काय? नवे काही शोधायचे नाही. योजनेतल्या गवंड्यांच्या ४५ दिवसांच्या प्रशिक्षणात मराठवाड्यापुरते तरी जोडदगड आणि पट्ट्याचे काम असावे. नमुना घर त्या तालुक्यातल्या दगडात बांधावे, त्यावर हलके छप्पर असावे आणि पुढे ओसरी वाढवायची सोय पहिल्या दिवसापासून जोत्यात ठेवावी. आणि जुने, सांगाडा शाबूत असलेले माळवद मजबूत करणाऱ्यालाही घरकुलाचा हक्क मिळावा. १९९३ नंतर हे तंत्र आपण शिकलो होतो. ते विसरायला तीस वर्षेही लागली नाहीत.

आमच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत निलंग्याकडचा एक गवंडी राहतो. भूकंपाच्या वेळी तो सात वर्षांचा होता. मी त्याला जोडदगड कसा घालतात ते विचारले. त्याच्या आजोबांना येत होते, एवढेच त्याला ठाऊक आहे. पुनावळ्यातल्या बाविसाव्या मजल्याची भिंत तो ओळंब्यात एका दोऱ्याचाही फरक न पडता चढवतो. गावाकडे त्याचे घरकूल मंजूर झाले आहे, आणि ते बांधायला त्याला सवड नाही.