उसन्या विश्वातील एक उपाख्यान

चित्रपटाचे परीक्षण वाङ्मयाच्या मासिकात कशासाठी, असा आक्षेप काही वाचक घेतील. आणि त्यातून हा तर अ‍ॅनिमेशनपट, म्हणजे मुलांच्या करमणुकीचा समजला जाणारा! परंतु उपाख्यान हा प्रकार वाङ्मयविचारातून वगळता येत नाही, आणि प्रस्तुत कृती उपाख्यानच होय. कागलच्या घरी पुतण्याच्या आग्रहास्तव मी ती प्रथम पाहिली. मागाहून त्याच्या आग्रहावाचून आणखी दोन वेळा पाहिली.

जॉर्ज ल्यूकस यांची 'स्टार वॉर्स' ही चित्रपटमाला १९७७ साली सुरू झाली. पुढे 'द क्लोन वॉर्स'सारख्या मालिका निघाल्या व त्यांनी दोन चित्रपटांमधील मोकळ्या जागा भरून काढल्या. २०२१ साली आलेल्या 'व्हिजन्स' या मालिकेची रीत मात्र निराळी. तिच्या पहिल्या मालेतील नऊही कथा जपानी चित्रसंस्थांकडे सोपविल्या होत्या. त्यात एक औचित्य होते. कारण कुरोसावांच्या १९५८ च्या 'हिडन फोर्ट्रेस'चे ऋण ल्यूकस यांनी स्वतःच मान्य केलेले आहे. मे २०२३ मधील दुसऱ्या मालेत आयर्लंड, चिली, दक्षिण आफ्रिका असे अनेक देश आले, आणि भारताच्या वाट्याची कथा मुंबईच्या 'एटी-एट पिक्चर्स' या संस्थेने केली. 'द बँडिट्स ऑफ गोलक' हे तिचे नाव; दिग्दर्शक ईशान शुक्ला.

कथा वीस मिनिटांच्या आतली आहे. चारुक हा मोठा भाऊ व राणी ही धाकटी बहीण साम्राज्याच्या सैनिकांपासून पळत आहेत. राणीच्या अंगी ती गूढ शक्ती आहे, जिला या विश्वात 'फोर्स' म्हणतात. आणि ती शक्ती असणे हाच तेथे अपराध. आगगाडीतून निसटून दोघे एका ढाब्यात आसरा घेतात, पाठलाग करणारा तेथेही पोहोचतो, व ढाब्यातील एक वृद्धा आपले खरे रूप प्रकट करते. ती जुन्या जेडाय पंथाची योद्धी निघते.

आगगाडी, ढाबा, वस्त्रांचे रंग, पात्रांची नावे या साऱ्यांवरून कृतीच्या भारतीयपणाची पुष्कळ स्तुती करता येईल. मला ती स्वस्त वाटते. ढाबा हा शब्दच आमच्याकडे उत्तरेकडून आला; पुणे-बंगळूर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या कागलातही मी लहान होतो तेव्हा आम्ही खानावळच म्हणत असू. वेष बदलल्याने कथा आपली होत नाही. तेव्हा उपाख्यानाची कसोटी दुसरी हवी. मूळ कथेकडून ते घेते तर पुष्कळ. पण तिला काही परत देते काय?

येथे मला पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण होते. कुडाळजवळच्या या गावातील ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने लावीत आले. प्रत्येक आख्यानाची पोथी वेगळी. मोठी कथा श्रोत्यांस ठाऊकच असते. चित्रकथी तिच्यातील एखाद्या कोपऱ्यावर दिवा धरतो. आमच्या कोल्हापुरात राहून भाऊसाहेब खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, तीही याच जातीची. ती वाचल्यावर महाभारतातील ययाति पूर्वीसारखा दिसत नाही. व्यासांची परवानगी मात्र कोणास घ्यावी लागली नाही. ल्यूकस यांची संस्था २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने विकत घेतली, आणि या विश्वात पाऊल टाकावयाचे ते मालकाच्या संमतीने. इतक्या बांधलेल्या अंगणात शुक्लांना काही देता आले काय?

माझ्या मते आले. आणि ते ढाब्यात नाही, चारुकमध्ये आहे. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'मध्ये नऊ वर्षांच्या अनाकिनला जेडाय घेऊन जातात व आई मागे राहते. चित्रपट मुलाबरोबर पुढे जातो. मागे उरलेल्या आईच्या घरात तो थांबत नाही. २००२ च्या चित्रपटात ती पुन्हा भेटते ती मरण्यापुरती, आणि तिचे मरणही मुलाच्या क्रोधाचे कारण म्हणूनच उपयोगी पडते. शक्ती असलेल्या मुलाचे काय होते, हे त्या कथेने पुनःपुन्हा सांगितले. शक्ती नसलेल्या सख्ख्या माणसाचे काय होते, हे गोलकावर दिसते. चारुक बहिणीला सारखा दटावतो, तिची शक्ती झाकू पाहतो. तिचे सहज खेळणेही त्याच्या काळजाचा ठोका चुकविते. अखेरीस तिला सुरक्षित स्थळी जावयाचे तर त्याचा निरोप घेऊनच जावे लागते. ज्याने जपले त्याच्याच हातून ती सुटते. यातला करुण कोणत्याही ग्रहाचा नाही, आणि तो पाहिल्यानंतर अनाकिनची आई मला प्रथमच नीट दिसली.

दोष नाही असे नाही. वृद्धेने शस्त्र हाती घेतले की चारुक प्रेक्षक होऊन बसतो, आणि कथा प्रकाशखड्गांच्या नेहमीच्या झुंजीत शिरते. झुंज देखणी आहे. पण तिने त्या मुलाची अडचण फार लवकर सोडविली. पाच मिनिटे तिच्याकडून काढून ताटातुटीस दिली असती, तर रसपरिपोष पुरा झाला असता. मालकाच्या अंगणात खड्ग दाखविल्यावाचून सुटका नसावी, असा मला संशय आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'व्हिजन्स'ची तिसरी माला आली. ती पुन्हा जपानी संस्थांकडे गेली, व पहिल्या मालेतील तीन कथांचे पुढचे भाग तीत निघाले. बहिणीला पाठवून चारुक कोठे गेला, हे कोणी सांगितले नाही. पुतण्याने मला ते विचारले. मी त्याला म्हटले, तूच लिही, त्यावर त्याने विचारले, "काका, लिहिलं तर चालेल का त्यांना?"