शालेय तंत्रज्ञानाचा निधी आणि शिक्षकाचा वेळ : मिरा-भाईंदरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शाळेला संगणक, प्रोजेक्टर, टॅब किंवा इंटरनेट जोडणी नेमकी कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या खटपटीतून मिळते, हा प्रश्न शिक्षणविषयक मराठी लेखनात क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. वस्तू मिळाल्यानंतरच्या उद्घाटनाचे वृत्त मात्र सविस्तर असते. दात्याचे नाव, फीत, नारळ आणि पडद्यावर एकटक पाहणारी मुले असे त्याचे ठरलेले स्वरूप आहे. त्यापूर्वी शिक्षकाने किती कार्यालयांचे उंबरठे झिजवले, आणि पाच वर्षांनी त्याच यंत्राचे काय झाले, या दोन्ही गोष्टी वृत्ताच्या चौकटीबाहेर राहतात. प्रस्तुत लेखात शालेय तंत्रज्ञानासाठी उपलब्ध असलेल्या निधीच्या प्रमुख मार्गांची चिकित्सा केली असून, हे मार्ग मिरा-भाईंदरसारख्या महानगरालगतच्या शहरापर्यंत कितपत पोहोचतात, याचा विचार केला आहे.

उपक्रमशील शिक्षकाची प्रतिमा

३ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांमध्ये वाटली. पाठ्यपुस्तकातील पाठाला क्यूआर कोड जोडून त्याद्वारे दृक्-श्राव्य साहित्य उपलब्ध करून देण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली. एका दुर्लक्षित वस्तीतील प्राथमिक शिक्षकाच्या कल्पनेने राज्याच्या पाठ्यपुस्तकाचे स्वरूप बदलावे, ही घटना निःसंशय मोलाची आहे.

परंतु या यशाचे जे आकलन रूढ झाले, ते तपासून पाहावे लागते. क्यूआर कोड छापण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून हे ‘स्वस्त तंत्रज्ञान’ ठरले. वस्तुतः तो कोड वाचण्यासाठी स्मार्टफोन लागतो आणि त्यात डेटा लागतो. खर्च नाहीसा झाला नाही. तो शासनाच्या लेखाशीर्षातून पालकाच्या खिशाकडे सरकला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या सरकण्याचा अर्थ घरोघरी कळला. एका घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, आणि घरी तीन इयत्तांतील तीन मुले, ही त्या काळातील अगदी सामान्य स्थिती होती. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीनुसार स्मार्टफोन असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांपर्यंत वाढले. तथापि ही पाहणी ग्रामीण भागाची आहे. शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहणारे आणि महापालिकेच्या शाळेत जाणारे मूल या आकडेवारीत मुळात मोजलेच जात नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट शिक्षकाच्या वेळेची. जानेवारी २०२२ मध्ये डिसले यांच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न थेट राज्याच्या शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. त्या वादातील पक्ष-प्रतिपक्षात येथे शिरण्याचे कारण नाही. वर्गाबाहेरील शैक्षणिक कामासाठी शिक्षकाला किती वेळ, कोणत्या नियमाने द्यायचा, याची व्यवस्था आपल्याकडे नाही, एवढे मात्र त्यातून उघड झाले. पुरस्काराचा गौरव करणारी यंत्रणा आणि हजेरीपट तपासणारी यंत्रणा एकच असते. दोघींची एकमेकींशी ओळख नसते, इतकेच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. निधीचा शोध, प्रस्ताव-लेखन, दात्यांच्या भेटी, छायाचित्रांसह अहवाल ही कामे या अपवादांत बसत नाहीत. पण ती करण्याचा आदेशही कोणी काढत नाही. त्यांना ‘उपक्रमशीलता’ असे गौरवाचे नाव मिळते आणि मग ती स्वेच्छेची ठरतात. ज्या शाळेत असा शिक्षक नाही, तिला यंत्र नाही. शाळेची गरज आणि शाळेला मिळणारा निधी यांच्यामध्ये एका व्यक्तीचा उत्साह उभा करणारी ही रचना आहे, आणि सार्वजनिक शिक्षणाच्या दृष्टीने हाच तिचा मूलभूत दोष आहे.

शासकीय तरतुदींचे स्वरूप

शासकीय तरतुदींकडे पाहिले असता निराळे चित्र दिसते, पण समाधानकारक नव्हे. केंद्र पुरस्कृत ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये सुधारण्यात आली. सुधारित योजनेत संगणक प्रयोगशाळेच्या भांडवली खर्चासाठी प्रतिशाळा ६.४० लाख रुपये धरले होते. २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियान आले, तेव्हाही कमाल मर्यादा ६.४० लाखच राहिली. आवर्ती खर्चासाठी वर्षाला २.४० लाख, तेही पाच वर्षांपुरते. वीजबिल, इंटरनेट, साहित्य आणि संगणक शिकवणाऱ्या व्यक्तीचे मानधन हे सर्व त्यातच बसवायचे. महाराष्ट्रात ही योजना ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर ठेकेदार कंपन्यांमार्फत राबवली गेली. कराराची पाच वर्षे संपली की यंत्रे शाळेची होत, आणि ती चालवणारा संगणक शिक्षक मात्र घरी जाई. या शिक्षकांनी आझाद मैदानावर वेळोवेळी आंदोलने केली. त्यांची मागणी नोकरीची होती हे खरे; पण तिच्यात शैक्षणिक आशयही होता, याची दखल फारशी घेतली गेली नाही. हस्तांतरित काय झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘जुने संगणक’ एवढेच आहे.

प्राथमिक शाळेला या योजनेचा उपयोग नाही. तिचा रोख सहावीच्या पुढील वर्गांवर आहे. प्राथमिक मुख्याध्यापकाच्या हाती राहते ते संयुक्त शाळा अनुदान. पटसंख्येनुसार ते ठरते. २५१ ते १००० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ७५ हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख रुपये. यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावे लागतात. उरलेल्या रकमेत खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती आणि नादुरुस्त प्रोजेक्टरचा दिवा, यांचा क्रम मुख्याध्यापकाने लावायचा असतो. तो कसा लागतो, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

शेजारच्या मुंबई महापालिकेचा अनुभवही बोलका आहे. तिने २०११ मध्ये व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केल्या आणि २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. तेथे पैशाची अडचण तुलनेने कमी होती. तरीही २०१८ मध्ये आठवीचा अभ्यासक्रम बदलला आणि टॅबमधील आशय नव्याने भरण्याचा प्रश्न उभा राहिला. यंत्राचे आयुष्य आणि पाठ्यक्रमाचे आयुष्य यांचा मेळ खरेदीच्या वेळीच घालावा लागतो. निविदेत त्यासाठी रकाना क्वचितच असतो.

लोकवर्गणीचे प्रारूप आणि शहर

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी ग्रामस्थांच्या सहभागातून डिजिटल शाळा उभी केली. महाराष्ट्रातील लोकसहभागाच्या चळवळीला या शाळेने एक आदर्श दिला. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर हजारो शाळांनी लोकवर्गणीचा हा मार्ग अनुसरला. पाड्यावर हा मार्ग का चालला? शिक्षक प्रत्येक घर ओळखत होता, गावाला आपली म्हणावी अशी शाळा एकच होती आणि वर्गणी देणाऱ्याचे मूल त्याच शाळेत बसत होते.

त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला मिरा-भाईंदर आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८ लाखांवर होती. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, काशी, घोडबंदर, चेणे ही मूळ गावे आणि त्यांच्याभोवती लोकल गाडीच्या आधाराने वाढलेली वसाहत, असे शहराचे दुहेरी रूप आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती या माध्यमांतून चालतात. येथे लोकवर्गणीचे प्रारूप पावलोपावली अडखळते. पालक भाडेकरू असतो. अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलते आणि पुष्कळदा मुलाची शाळाही. ग्रामसभा नाही. तिच्या जवळपास येणारी संस्था म्हणजे गृहनिर्माण सोसायटी. पण वर्गणी देण्याची ऐपत असलेल्या सभासदांची मुले खासगी शाळांत जातात. शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या इमारतीतील एकाही घरातले मूल त्या शाळेत नाही, अशा ठिकाणी ‘लोक’ कोणते आणि ‘सहभाग’ कोणाचा? दाता आणि लाभार्थी यांच्यातील नाते येथे शेजाराचे उरत नाही, दानाचे होते. नगरसेवकाच्या निधीतून वर्गात काही यावे, ही शहरातील रूढ वाट. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला तेव्हा तीही खुंटली.

उरतो उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीला लागू होते. १ एप्रिल २०१४ पासून अशा कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चणे बंधनकारक झाले. खर्च करताना स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. हे प्राधान्य कागदावर न्याय्य वाटते. प्रत्यक्षात भाईंदर पूर्वेचा उद्योग म्हणजे स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने. गाळ्यांत चालणारे, पॉलिशच्या धुळीने भरलेले हे कारखाने कायद्याच्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली आहेत. तेथील कामगारांची मुले पालिकेच्या शाळांत आहेत आणि ज्या कंपन्यांना कायदा लागू आहे, त्यांचे प्रकल्प अन्यत्र आहेत. बरे, कंपनी सापडली तरी शाळा स्वतः अर्जदार होऊ शकत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार अंमलबजावणी करणारी बाहेरची संस्था नोंदणीकृत, आयकर कायद्याखाली १२-ए व ८०-जी मान्यता असलेली आणि तीन वर्षांचा अनुभव असलेली असावी लागते. म्हणजे मुख्याध्यापकाने आधी स्वयंसेवी संस्था शोधायची, मग त्या संस्थेने कंपनी शोधायची.

राज्य शासनाने १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ‘दत्तक शाळा योजना’ आणली. दात्याने रोख न देता वस्तू व सेवा द्याव्यात आणि त्या बदल्यात ठरावीक काळासाठी शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचे नाव जोडता यावे, अशी ही योजना होती. महापालिकांच्या वर्गवारीनुसार देणगीचे दर ठरवले गेले आणि सर्वांत खालचा दर पाच वर्षांसाठी ५० लाखांचा होता. गाळ्यातील भांडी-कारखानदाराला हा दर परवडणारा नाही आणि ज्याला परवडतो, तो पाटी दिसेल अशी शाळा निवडणार. त्याच वर्षी आलेल्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाखांचे पारितोषिक ठेवले गेले. स्पर्धेने उत्साह येतो, हे मान्य. पण शैक्षणिक अनुदान हे पारितोषिक झाले की ते गुणवत्ता असलेल्या ठिकाणी जाते, उणीव असलेल्या ठिकाणी नाही. उपरोक्त दोन्ही योजनांत शाळेच्या गरजेचा पुरावा कोठेही आधी मागितलेला नाही.

गरजेची नोंद कोठे होते

हा पुरावा मागणारी तरतूद कायद्यात नाही, असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते व तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि शासन किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्या योजनांचा व अनुदानांचा आधार हा आराखडा असेल, असे कायद्याचे शब्द आहेत. निधी-शोधाविषयीच्या आपल्याकडील चर्चेत या एका वाक्याचा उल्लेख आश्चर्यकारकरीत्या कमी आढळतो. परदेशी प्रतिष्ठानांच्या अर्जांचे नमुने शिक्षक-प्रशिक्षणात वाटले जातात. कलम २२ चा आराखडा मात्र जुना पाहून नवा उतरवला जातो.

मिरा-भाईंदरसारख्या शहरात या तरतुदीचे महत्त्व अधिक आहे. प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि मालमत्ता करासोबत येथील नागरिक राज्याचा शिक्षण करही भरतात. येथे दात्याचा शोध हा पहिला उपाय असण्याचे कारण नाही. आराखड्यात ‘संगणक ५’ असे न लिहिता, कोणत्या इयत्तेला, कोणत्या माध्यमातून, आठवड्याला किती तास, चालवणार कोण आणि बिघडल्यास दुरुस्तीची रक्कम किती, हे लिहिले गेले तर ती मागणी फेटाळताना लेखा विभागाला कारण नोंदवावे लागेल. उर्दू व गुजराती माध्यमांच्या वर्गांसाठी आशय वेगळा मागावा लागतो, हेही तेथेच लिहिता येईल. दात्याच्या यादीत ते कधीच येत नाही.

सध्या शाळेतील यंत्राची अखेरची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. निर्लेखनाची मंजुरी वरून येईपर्यंत बंद संगणक कपाटात राहतो आणि कागदोपत्री शाळा ‘संगणकयुक्त’ राहते. नव्या मागणीला उत्तर देताना हीच नोंद दाखवली जाते. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी किमान तीन महिने आराखडा तयार व्हावा, असे कायद्याखालील आदर्श नियम सांगतात, म्हणजे डिसेंबरअखेर. आयुक्तांचे अर्थसंकल्पीय अंदाज साधारणतः त्यानंतरच्या दोन महिन्यांत तयार होतात. पालकांची सभा त्याआधी, नोव्हेंबरमध्ये, आणि कारखान्याच्या सुटीच्या दिवशी घ्यावी लागेल. बंद संगणकांची खरी संख्या त्या सभेच्या इतिवृत्तात प्रथम नोंदवता येईल.